एकवीस तारखेला सकाळी जा

पत्र असं आहे :

"ताई, मी निपाणीजवळच्या एका खेड्यातली. गेल्या वर्षी बी.कॉम. झाले, ६८ टक्के. शाळा मराठी माध्यमाची, कॉलेज निपाणीत. बाबांचा दीड एकर ऊस, आई विड्या वळते. वर्षभर घरीच आहे. पाच-सहा ठिकाणी बायोडाटा दिला, एकाचाही फोन आला नाही. पुण्याचा मामा म्हणतो, इकडं ये, कॉल सेंटरला सोळा हजार मिळतील. बाबा म्हणतात, बँकेची परीक्षा दे. आई काहीच म्हणत नाही, पण स्थळं बघायला सुरुवात झालीय. कन्नड मोडकंतोडकं बोलते, वाचताना अडखळते. इथं राहून काही होईल का? की आपल्यासारख्यांना इथं काहीच नाही?"

अगं, तुझं पत्र वाचून झालं आणि 'आपल्यासारख्यांना', म्हणजे कर्नाटकात राहणाऱ्या मराठी माणसांना, या शब्दाशी परत आले. तो शब्द मी अठरा वर्षांची असल्यापासून ऐकतेय. आधी घरात, मग कॉलेजच्या कट्ट्यावर, मग मी स्वतःच म्हणायला लागले. त्याच्याविषयी बोलायचंय, पण आधी तुझ्या बायोडाटाचं काय होतं ते सांगते, कारण ते मी या डोळ्यांनी बघितलंय.

बेळगावात एका क्रेडिट सोसायटीत माझी सत्तावीस वर्षं गेली. शेवटची काही वर्षं मुलाखती घेणाऱ्यांच्या टेबलावर बसायचे. आमच्याकडं येणारा प्रत्येक बायोडाटा शिपाई क्लार्कला द्यायचा, क्लार्क खालच्या ड्रॉवरमध्ये टाकायचा. ड्रॉवर भरला की दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत. त्या कागदांवर काय असायचं? नाव, पत्ता, टक्के, खाली 'हॉबीज : रीडिंग, लिसनिंग म्युझिक' आणि जागा-तारीख-सही. शंभर कागदांत फरक फक्त फोटोचा. जागा सुटायची तेव्हा तो ड्रॉवर कुणी उघडत नव्हतं. मॅनेजर विचारायचा, "ती मार्च एंडिंगला आपल्याकडं हातभार लावायला आलेली पोरगी कोण रे?" लहान गावात जागेची जाहिरात निघत नाही. कुणीतरी बाळंतपणाला जातं, कुणाचा तरी मुलगा पुण्याला लागतो, आणि तिसऱ्या दिवशी ती खुर्ची भरलेली असते. तू कागद देऊन घरी आलीस. तिथं तुला काम करताना कुणीच बघितलं नाही, मग फोन कोण आणि कशाला करेल?

आता कन्नडचं. हे जरा लांबेल.

एकदा आमच्याकडं कॅशियर-कम-क्लार्कच्या एका जागेला तीन मुली होत्या. मुलाखत चालू असतानाच हुक्केरी भागातले एक शेतकरी काका काउंटरवर आले. हातात पिशवी, पिशवीत आरटीसीचा उतारा, म्हणजे कर्नाटकातला सातबारा, कर्ज पाहिजे होतं. काकांना मराठी येत नव्हतं आणि आमचा त्या दिवशीचा कन्नड येणारा माणूस रजेवर. चेअरमननी तो उतारा उचलला आणि मुलींसमोर ठेवला : "यात मालक कोण, सर्व्हे नंबर किती, बोजा आहे का, सांगा." दोघी हसल्या, म्हणाल्या कन्नड येत नाही सर. तिसरी खानापूरकडची. ती बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचत गेली. नावावर अडली, परत मागं गेली, कपाळावर घाम. चार-पाच मिनिटं लागली. पण मालक दोन भाऊ आहेत आणि सोसायटीचा जुना बोजा अजून चढलेलाच आहे, हे तिनं काढलं. तिला ५४ टक्के होते. पुढचा एकही प्रश्न आम्ही तिला विचारला नाही.

आणि आता माझं. आमच्या घरात एक नोव्हेंबरला चूल पेटायची नाही, वडील काळ्या दिनाच्या, म्हणजे सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाच्या फेरीत असायचे. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलन पेटलं तेव्हा मी शाळेत होते. गल्लीतलं ते वातावरण मला आजही आठवतं. त्या घरात मी ठरवलं, कन्नड शिकायचं नाही. त्याला मी तत्त्व म्हणायचे. चाळिशीच्या आसपास वरची जागा माझ्यानंतर लागलेल्याला मिळाली, कारण सहकार खात्याचा पत्रव्यवहार तो स्वतः वाचायचा आणि मी दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे. महिनाभर मी अन्याय-अन्याय करत फिरले. मग एका रात्री स्वतःशीच कबूल केलं, की तत्त्व वडिलांचं होतं, माझा निव्वळ आळस होता. वडिलांना तर कन्नड अस्खलित यायचं! बाजारात ते कन्नडमध्येच भाव करायचे. सक्तीला विरोध वेगळा आणि न शिकणं वेगळं, हे त्यांना कळत होतं, मलाच कळलं नव्हतं.

तेव्हा तुझ्या मराठीला काडीचाही धक्का न लावता कन्नड वाचायला शीक. क्लास लावू नकोस. घरात बघ : हेस्कॉमचं वीजबिल, रेशन कार्ड, बाबांचा आरटीसी, पंचायतीची घरपट्टीची पावती. सगळं कन्नडमध्ये, आणि त्यात काय लिहिलंय ते तुला आधीच माहीत आहे. यापेक्षा सोपं पाठ्यपुस्तक नाही. मुळाक्षरांचा क्रम आपलाच आहे, क-ख-ग-घ. एकच गोष्ट आपल्याला चकवते : त्यांच्याकडं ए आणि ओ यांनाही ऱ्हस्व-दीर्घ असतं. तेवढं कानाला लागलं की अडखळणं निम्मं कमी होतं. शब्दांचं म्हणशील तर तुपाला ते तुप्प म्हणतात आणि अण्णा-अक्का तर आपण त्यांच्याच घरातून आणलेत. रोज एक कागद, तीन महिने. बस्स.

याचा पैसा कुठं होतो, ते आता ऐक. तू बी.कॉम. आहेस आणि कोगनोळीच्या टोलनाक्याच्या अलीकडं राहतेस. ही जागा अकाउंट्सच्या माणसाला सोन्याची आहे, पण कॉलेजात हे कुणी सांगत नाही.

समज, निपाणीचा एक दुकानदार पीव्हीसी पाइप विकतो. बेळगावच्या गिऱ्हाइकाला माल पाठवला, ७५ किलोमीटर, तर बिलात सीजीएसटी आणि एसजीएसटी, म्हणजे केंद्राचा आणि राज्याचा असे दोन कर. कागलच्या गिऱ्हाइकाला पाठवला, जेमतेम वीस किलोमीटर, तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीचा एकच कर, कारण मधे राज्य बदललं. घाईत पोरानं कागलच्या बिलावर बेळगावसारखाच कर लावला, की गिऱ्हाइकाला दिलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, नीट मिळत नाही, ते फोन करून शिव्या घालतं, आणि दुकानदाराला बरोबर खात्यात कर परत भरून चुकीच्या खात्यातला परत मागत बसावं लागतं. माल ५०,००० च्या वरचा असेल तर ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन काढलेला कागद, लागतं, नाहीतर रस्त्यात गाडी अडते. अजून एक : माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नंबर घ्यावा लागत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण करपात्र माल राज्याबाहेर विकायला लागला की, हस्तकलेसारखे थोडे अपवाद सोडले तर, ती सवलत गेली, पहिल्या बिलापासून नंबर पाहिजे. कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांच्या ठोक कराच्या योजनेत, असलेल्याला तर बाहेरच्या राज्यात माल विकताच येत नाही. हुबळीच्या दुकानदाराला हा प्रश्न वर्षातून दोनदा पडत असेल, निपाणी-संकेश्वरच्या दुकानदाराला रोज पडतो. त्याचा पुरवठादार गोकुळ शिरगावचा, गिऱ्हाईक गडहिंग्लजचं, आणि नोटीस आली तर बंगळुरूच्या खात्याची.

हे चार नियम ज्या पोरीला तोंडपाठ आहेत, जी पुरवठादाराशी मराठीत आणि ट्रान्सपोर्टवाल्याशी कन्नडमध्ये बोलू शकते, तिला टॅक्स कन्सल्टंट सोडत नाही. ६८ टक्के त्यानं विचारलेच तर नंतर कधीतरी.

टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, येत नसेल तर महिनाभरात येते. क्लासचं सर्टिफिकेट भिंतीवर लावायला बरं असतं. खरा सराव हवा असेल तर गावातल्या किराणावाल्याकडून एका महिन्याची खरेदीची बिलं माग, घरी बसून चढव, आणि महिन्याच्या शेवटी त्याच्या वहीशी जुळतात का बघ. पहिल्या खेपेला जुळणार नाहीत. कुठं चुकलं ते शोधताना जे कळतं, ते पदवीच्या तीन वर्षांत कळलेलं नसतं.

मग कन्सल्टंटकडं जा. कधी जायचं हेही सांगते, कारण इथंच पोरं चुकतात. दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, भरायची मुदत, २० तारखेला ३बी ची, म्हणजे कर भरायच्या विवरणपत्राची. आठ तारखेपासून वीसपर्यंत त्या ऑफिसात कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं, सर्व्हर बंद पडलेला असतो, आणि तू दारात 'सर, काही व्हेकन्सी आहे का' म्हणून उभी. हाकलून देणारच. एकवीसला सकाळी जा. त्या दिवशी मालक माणसासारखा बोलतो, चहासुद्धा विचारतो. नोकरी मागू नकोस. म्हण, "सर, पुढच्या महिन्यात सहा तारखेपासून वीसपर्यंत येऊन बिलं चढवून देते, जमलं तर ठेवा." त्याच्या डोक्यात कालची रात्र ताजी असते. नाही म्हणणं त्याला जड जाईल.

पगार सुरुवातीला सांगायला लाज वाटेल इतका कमी असेल. हे मी गोड करून सांगणार नाही. फुकट मात्र पंधरा दिवसांच्या पुढं राबू नकोस. 'शिकवतोय की' म्हणून सहा-सहा महिने फुकट वापरणारे या भागात भरपूर आहेत, आणि ते सगळे देवाधर्माचे असतात.

त्या काळात हातखर्चाला युवानिधीचा अर्ज केलायस का? २०२२-२३ पासून पुढं पास झालेल्या आणि सहा महिने होऊनही काम नसलेल्या पदवीधराला कर्नाटक सरकार महिन्याला ३,००० रुपये देतं, जास्तीत जास्त दोन वर्षं. पुढं शिकत असशील तर मिळत नाही, आणि नोकरी लागली की कळवायचं. सेवासिंधू या सरकारी वेबसाइटवर किंवा गावातल्या ग्राम वन केंद्रात अर्ज होतो. बेळगावला खेपा मारायच्या तर साध्या सरकारी बसला शक्ती योजनेत तुला तिकीट नाही. घेताना संकोच करू नकोस, तुमच्या उसाच्या बिलातून आणि आईच्या काडेपेटीतून तो पैसा आधीच गेलाय.

बाबांचं बँकेचं म्हणणं चूक नाही, पण ते अर्धं आहे. बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेला एका राज्यासाठी अर्ज करता येतो आणि त्या राज्याची भाषा यावी लागते. दहावी किंवा बारावीच्या मार्क्स कार्डावर ती भाषा असली की भाषेची वेगळी चाचणी होत नाही. आता तुझं एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं, मार्क्स कार्ड काढ आणि बघ : मराठी पहिली भाषा, आणि खाली कन्नड. म्हणजे तू महाराष्ट्रातून अर्ज करू शकतेस, कर्नाटकातूनही. साताऱ्याच्या मुलीला हे जमत नाही, धारवाडच्या मुलीलाही नाही. जिथं जागा जास्त निघाल्यात तिथून भर. मराठीतून पेपर सोडवायचा असेल तर महाराष्ट्र बरा, इंग्रजीचा भाग तेवढा इंग्रजीतच राहतो. पण ही परीक्षा घरी बसून 'तयारी चाललीय' म्हणत देऊ नकोस. सकाळी दोन तास अभ्यास, मग काम. निव्वळ तयारी करणारी पोरं मी बघितलीत, तिसऱ्या वर्षी ती अभ्यासिकेतल्या खुर्चीसारखी होतात, कुणी हलवल्याशिवाय हलत नाहीत.

कर्नाटक सरकारच्या नोकरीत बहुतेक भरतीला सक्तीचा कन्नड पेपर असतो, १५० गुणांचा. त्यात ५० पडल्याशिवाय बाकीच्या मार्कांना किंमत नाही. वीजबिल वाचायला शिकणारी पोरगी तिथंही पोहोचेल, पण पहिल्या वर्षी त्याच्या मागं लागू नकोस.

दुसरी बाजू बहुतेकांना माहीतच नसते. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना महाराष्ट्राच्या सरकारी भरतीत अर्ज करता येतो. जाहिरातीत खाली बारीक अक्षरांत ते छापलेलं असतं. अट अशी, की त्या गावात १५ वर्षं वास्तव्य असल्याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला पाहिजे. तुझं गाव यादीत आहे का ते आधी बघ, आणि असेल तर दाखल्याच्या मागं आत्ताच लाग. जाहिरात निघाल्यावर पळापळ करणाऱ्यांच्या हातात मुदत संपल्यावर दाखला पडतो. कचेरीत एका खेपेत काम होईल अशी आशा ठेवू नकोस, डबा घेऊन जा.

साखर कारखान्याचं थोडक्यात सांगते. गळीत हंगामात शेती विभागात, काट्यावर, हिशेबात हंगामी माणसं घेतात. बाबांचा ऊस ज्या कारखान्याला जातो तिथल्या गट ऑफिसात त्यांनाच विचारायला सांग, सभासदाच्या शब्दाला तिथं वजन असतं. आणि कागलची पंचतारांकित एमआयडीसी तुझ्या घरापासून पुण्याइतकी लांब नाही. खासगी कंपनीला तू कुठल्या राज्याची याच्याशी काही देणंघेणं नसतं. स्टोअर, डिस्पॅच, बिलिंग अशा जागा विचार. जाशील तिथं दोन प्रश्न नक्की विचार : पीएफ कापता का, ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड देता का. उत्तराला जो चाचरला, त्याच्याकडं फार दिवस थांबायचं नाही.

आणि 'बँकेत चिकटवतो, तीन लाखांची सोय करा' म्हणणारा कुणीतरी तुझ्या बाबांना भेटेलच, अजून भेटला नसेल तर. दीड एकरातला एक गुंठाही त्याच्या पायी जाता कामा नये. मोबाईलवर 'घरबसल्या डेटा एंट्री, आधी रजिस्ट्रेशन फी' आलं तर तेही तसलंच. मोबाईलवर कुणी फसलंच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन.

पुण्याला जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. कॉल सेंटरला इंग्रजी सुटतं, भीड जाते, हे खरं आहे. पण मामाला विचार, सोळा हजार हातात की कागदावर? रात्रपाळीची गाडी दारापर्यंत सोडते का? दोन महिन्यांनी मामींच्या घरातून कॉट बेसिसवर, म्हणजे भाड्याच्या खाटेवर, जावं लागलं तर उरतात किती? मी हिशेब करून दिला तर तो माझा होईल, तू वहीत मांड. पुण्यात तुझ्यासारख्या बी.कॉम. पोरी हजारोंनी आहेत आणि तिथं तुझं कन्नड कुणाच्या कामाचं नाही. इथं एक वर्ष टॅली, जीएसटी आणि कन्नड हातात घेऊन मग गेलीस, तर कॉल सेंटरच्या दारातून जावं लागणार नाही.

राहिली आई. काहीच म्हणत नाही, असं लिहिलंस. जी बाई हजाराच्या हिशेबानं विड्या वळते, छाट, म्हणजे नापास विड्या, निघाली की मजुरी कापून घेते आणि तरी दुसऱ्या दिवशी सूप मांडीवर घेते, तिला कामाचं गणित बाबांपेक्षा आणि मामापेक्षा जास्त कळतं. तिला तोंडानं सांगू नकोस की मला शिकायचंय, करिअर करायचंय. ते शब्द स्थळं बघणाऱ्या घरात भांडणासारखे ऐकू येतात. तिच्याजवळ बस, पानं कातरायला घे, आणि सांग : आई, एक वर्ष. येत्या दिवाळीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत. स्थळं बघा, मी नाही म्हणत नाही, तारीख तेवढी धरू नका. आणि कुठं दिलीत तरी, गडहिंग्लजला दिलीत नाहीतर चिकोडीला, हे काम माझ्याबरोबर येईल. हे शेवटचं वाक्य तिला पटेल. ती स्वतः माहेरचं एकच कौशल्य घेऊन सासरी आली असेल.

एकवीसला जाताना बायोडाटा नेऊ नकोस. मार्क्स कार्डाच्या झेरॉक्स ने, किराणावाल्याची जुळवलेली महिन्याची वही ने, आणि पेन स्वतःचं ने. त्यांच्या ऑफिसातलं एकही चालत नसतं.